गच्चीवरचा पॅसिफिक

वैशाख लागला की कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीत एक दिवस भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी जिन्याने खाली उतरायचं असतं. आग लागली किंवा भूकंप झाला तर काय करायचं, याची ती तालीम. नारिंगी जाकीट घातलेला एक तरुण कर्ण्यातून आधी बंगालीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सूचना देतो आणि तिन्ही भाषांत कुणीच ऐकत नाही. लोक फोन बघत उतरतात, फोन बघत उभे राहतात आणि फोन बघत परत वर जातात. माझ्या वयाच्या बायकांना या तालमीतून सूट आहे. तरी मी कठड्याला धरून, नातसुनेचं बोलणं खात, उतरते. भूकंपाची तालीम म्हटली की मला घरात बसवत नाही. ती मी अण्णांच्या हाताखाली शिकले आहे, आणि अण्णांच्या तालमीत सूट कुणालाच नसायची.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मिरजेच्या आसपासच्या लहान लहान स्टेशनांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि मुलगा एकच, तो कलकत्त्याला. तेव्हा सगळे कलकत्ताच म्हणायचे. मी वाईहून लग्न होऊन तिथे आले त्यानंतरच्या थंडीत अण्णाही आमच्याकडे राहायला आले. सोबत एक ट्रंक, एक फिरकीचा तांब्या, एक शिट्टी आणि दोन निशाणं, एक लाल, एक हिरवं. निशाणं रेल्वेला परत का केली नाहीत, हे विचारायची आमची छाती नव्हती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. भवानीपूरमध्ये घोषालबाबूंच्या घराच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. वरच्या मजल्यावर घोषालबाबू आणि त्यांची म्हातारी आई. आईला सगळी गल्ली ठाकूमा म्हणायची, म्हणजे आजी, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. सकाळी सकाळी पालिकेची माणसं जाड नळीने रस्ते धुवायची, गंगेचं गढूळ पाणी आमच्या पायरीपर्यंत यायचं आणि ओल्या मातीचा, शेणाचा, कालच्या बेलफुलांचा, म्हणजे मोगऱ्याचा, एक मिसळलेला वास घरात शिरायचा. दुपारी ताडपत्राचा पंखा हलवून हलवून मनगट दुखायचं. कैरीचं पन्हं करावं तर गूळ वेगळाच लागायचा, पण तोही मला आवडायला लागला होता. एकविशीच्या आत होते. नव्या गावाच्या सगळ्या खोडींची मला गंमत वाटायची.

हे वेधशाळेत भूकंपाच्या यंत्रापाशी कामाला होते. ('हे' म्हणजे आमचे हे. नाव घ्यायची सवय तेव्हाही नव्हती, आता लावून काय करायचं.) तळघरात एक ढोल संथपणे फिरत असायचा आणि त्यावरच्या कागदावर एक रेघ उमटत असायची. जगात कुठेही जमीन हलली की ती रेघ थरथरायची. रोज सकाळी जाऊन ती रेघ वाचायची, ही यांची नोकरी. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील वाईत सगळ्यांना सांगत होते की जावई हवामानखात्यात आहेत. कार्याच्या घरात भूकंपाचं नाव कशाला काढा, असं त्यांचं मत.

त्या चैत्रात एका संध्याकाळी अण्णा पाटावर जेवत होते. मी आमटी वाढत होते. डाव माझ्या हातात आपोआप हलला, आमटी पानाबाहेर सांडली, आणि माझी चूक म्हणून मी जीभ चावते तोच वरचा दिवा झोके घ्यायला लागला. भांड्यांची उतरंड खुळखुळली. आणि त्याच वेळी वरून ठाकूमाचा शंख वाजला. मग शेजारच्या घरातून, मग समोरून, मग लांबून, भवानीपूरच्या घराघरांतून शंख वाजायला लागले. बंगालमध्ये धरणी हलली की बायका शंख फुंकतात. मला हे ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं. त्यांनी मान वर करून, जरा कौतुकानेच, आज कसली आरती आहे असं विचारलं.

मी म्हटलं, भूकंप आहे.

अण्णा उठले. पण उष्ट्या हाताने घराबाहेर पडायचं कसं? ते आधी मोरीवर गेले, हात धुतले, चूळ भरली, धोतराचा सोगा सावरला आणि मग धावत बाहेर पडले. तोवर सगळं शांत झालं होतं. गल्लीत घोषालबाबू विडी ओढत उभे होते. ते म्हणाले, "ओ किछू ना, मास्टरमोशाय." काही नाही, मास्तर. आसामच्या बाजूला अधूनमधून असं होत असतं.

'काही नाही' हे उत्तर अण्णांना आयुष्यात कधी पटलं नव्हतं. रुळावर दगड पडलेला असला आणि गाडी त्यावरून सुखरूप गेली, तरी त्याची चौकशी होते. त्या संध्याकाळी त्यांनी राहिलेलं जेवण जेवलं नाही. या घरात कसलीही व्यवस्था नाही, असा शेरा त्यांनी मारला आणि दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था सुरू केली.

व्यवस्था अशी: अण्णा अंगणात मधोमध उभे राहून शिट्टी फुंकणार. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं काम टाका. दोन आखूड म्हणजे बाहेर या. लाल निशाण दिसेपर्यंत चालत राहायचं, हिरवं दिसलं की परत जायचं. मी चुलीवरचं दूध तसंच सोडून धावायचे. घोषालबाबू अर्ध्या गालाला साबण लावलेले, तसेच उतरायचे. ते भाडेकरूला नाही म्हणू शकणाऱ्यांतले घरमालक नव्हते. ठाकूमाला मात्र ही तालीम फार आवडली. विधवा झाल्यापासून तिला घराबाहेर पडायला कुणी एवढ्या आग्रहाने सांगितलं नव्हतं. अडचण एकच होती. ती शंख घेऊन उतरायची आणि शिट्टी वाजली की उत्तरादाखल शंख फुंकायची. तो शंख ऐकून शेजारच्या घरातून शंख वाजायचा, मग समोरून, आणि दर तालमीला निम्मं भवानीपूर खरोखरच रस्त्यावर यायचं. अण्णांनी तिला हिंदीत समजावलं की सिग्नल एकाच अधिकाऱ्याने द्यायचा असतो. तिने बंगालीत समजावलं की धरणी फण्यावर पेलणारा वासुकी शंखाशिवाय शांत होत नाही. दोघांचं एकमेकांना एक अक्षर कळलं नाही आणि दोघंही आपलं पटलं अशा समजुतीत पुढे गेली.

याच सुमारास एके दिवशी हे वेधशाळेतून आले ते कपडेही न बदलता मला गच्चीवर घेऊन गेले. यांना जपानला पाठवायचं ठरत होतं. टोकियोला, वर्षभराच्या शिक्षणासाठी. भूकंपाचा अभ्यास जगात तिथल्यासारखा कुठे होत नाही, असं हे सांगत होते आणि सांगता सांगता गच्चीभर फेऱ्या मारत होते. मी याआधी यांना इतकं आनंदात फक्त एकदाच पाहिलं होतं, तेही आमच्या लग्नात नव्हे, पेरूच्या भूकंपाची रेघ लख्ख उमटली होती तेव्हा.

मग आनंद ओसरला आणि हे कठड्यावर बसले. अण्णांना कोण सांगणार? मी सांगावं, असं यांचं म्हणणं. मुलाने सांगावं, असं माझं. दिवा हलला तर जो माणूस जेवण टाकून उठतो, त्याला मुलगा थेट भूकंपाच्याच गावी चालला आहे हे कसं सांगायचं? शेवटी असं ठरलं की आधी अण्णांची भीती घालवायची. भूकंप म्हणजे काय, तो कुठे होतो, कुठे होत नाही, हे त्यांना शास्त्रशुद्ध समजावून द्यायचं. माणसाला कळलं की भीती जाते. हे यांचं मत होतं, आणि यांचं शिक्षण माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या वेळी पाठ सुरू झाला. यांनी नकाशा उघडला आणि सांगितलं की पृथ्वीवर भूकंप आणि ज्वालामुखी वाटेल तिथे नसतात. पॅसिफिक महासागराच्या काठाकाठाने त्यांचं एक कडं आहे. अग्निकंकणच म्हणायचं. चिलीपासून वर पेरू, मेक्सिको, कॅलिफोर्निया, अलास्का, तिथून पलीकडे कामचाटका, जपान, फिलिपाईन्स, आणि खाली उतरत न्यूझीलंडपर्यंत. जगातले बहुतेक धक्के या कड्यावर बसतात. असं का, ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही, पण आहे हे असं आहे.

अण्णा नकाशावर वाकले. मग त्यांनी बोट चिलीवर ठेवलं आणि ते हळूहळू काठाकाठाने फिरवून न्यूझीलंडला आणलं.

"म्हणजे लूप लाइन आहे," ते म्हणाले.

यांना ते पटलं नाही, पण शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याचा उत्साह मारू नये म्हणून हे हो म्हणाले. तिथून पुढे सगळं सोपं झालं. चिली टर्मिनस. मेक्सिकोला पाणी भरायचं. अलास्काच्या पुढे बेटांची जी लांब रांग आहे, तिथे सिंगल लाइन. महासागराच्या मधोमध हवाई बेटं आहेत आणि तिथेही ज्वालामुखी आहे, हे कळल्यावर अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. लाइनच नाही तिथे स्टेशन कुणी बांधलं, हे त्यांना समजेना. "आणि कलकत्ता?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, कलकत्ता या कड्यावर नाहीच. हिमालयाच्या पायथ्याने एक वेगळा पट्टा जातो, तोही इथून लांब आहे. त्याचे हेलकावे फक्त कधीमधी इथे पोचतात.

"ब्रँच लाइनवरचा हॉल्ट," अण्णा म्हणाले. त्या रात्री ते तीन भाकऱ्या जेवले आणि दुसऱ्या दिवशी तालीम झाली नाही. ठाकूमा शंख पदरात घेऊन उगाच दोनदा जिना उतरून गेली.

यांचा उपाय लागू पडला होता. फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. कलकत्ता किती सुरक्षित आहे हे जितकं पटत गेलं, तितकं जपान किती धोक्याचं आहे हेही पटत गेलं. हे रोज वेधशाळेतून आले की अण्णा विचारायचे, आज कुठे? आणि यांना खोटं बोलता येत नसे. जपान, हे म्हणायचे. परवा जपान. आज जपानच्या जरा उत्तरेला. लाइनवरचं सगळ्यात वर्दळीचं जंक्शन, अण्णांनी निष्कर्ष काढला. मग ते बागेतल्या बाकावर जमणाऱ्या निवृत्त मराठी मंडळींना सांगू लागले की शहाण्या माणसाने एक वेळ लढाईवर जावं, पण जपानात पाऊल ठेवू नये. ती मंडळी घरी जाऊन आपापल्या मुलांना सांगू लागली. कलकत्त्याच्या मराठी समाजात त्या उन्हाळ्यात जपानची जेवढी बदनामी झाली तेवढी युद्धातही झाली नसेल. आणि जपानला जाणारा त्या समाजातला एकुलता एक माणूस रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मान डोलवायचा.

नकाशा पुरेना म्हणून अण्णांनी विटेचा तुकडा घेतला आणि गच्चीवर महासागर आखला. पूर्वेच्या कठड्याला अमेरिका, पश्चिमेच्या कठड्याला आशिया, पाण्याच्या टाकीखाली न्यूझीलंड. पॅसिफिक एवढा मोठा झाला की कलकत्त्याला गच्चीवर जागाच उरली नाही, ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर काढावं लागलं. ठाकूमाची त्याच गच्चीवर आंब्याची साटं वाळत असायची. आमशॉत्तो म्हणतात बंगालीत. ती चटया नेमक्या पश्चिम काठाला टाकायची, कारण तिथे ऊन जास्त वेळ असायचं.

"जापान में मत रखिए, माँजी," अण्णा कळकळीने सांगायचे. ती हसून चटई थोडी सरकवायची, फिलिपाईन्सवर. तेही बरं नाही म्हटल्यावर आणखी थोडी. शेवटी दोघांनी मिळून ती चटई सैबेरियात नेऊन ठेवली, तिथे अण्णांच्या मते धोका नव्हता आणि ठाकूमाच्या मते ऊन होतं.

जाण्याची तयारी तर करावीच लागणार होती. जपानात थंडी असते म्हणून यांनी एस्प्लनेडच्या एका शिंप्याकडून जाड लोकरी सूट शिवून आणला. वैशाखात. बाहेर कावळे चोच उघडी टाकून बसलेले, डांबर बुटाला चिकटतंय, आणि अण्णांच्या समोर पुडक्यातून लोकरीचा कोट निघाला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि यांच्याकडे पाहिलं. यांच्या तोंडून पटकन निघालं की यंत्र तळघरात आहे आणि तळघर फार गार असतं.

अण्णांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी हे कामावर निघाले तेव्हा अण्णा दारात मफलर घेऊन उभे होते. सरकारी नोकरीत छातीत सर्दी झाली की माणूस कायमचा जातो, असं सांगून त्यांनी स्वतःच्या हाताने तो यांच्या गळ्याला गुंडाळला. पुढे कितीतरी दिवस हे भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर लावून ट्रामची वाट बघत उभे असायचे. अण्णा गच्चीवरून नजर ठेवून असत, त्यामुळे वळण ओलांडेपर्यंत तो काढताही यायचा नाही. त्या मार्गावरच्या ट्रामचा कंडक्टर यांना बसायला जागा करून द्यायला लागला होता.

मला मात्र हे पोटात ठेवणं जड झालं. कुणाशी तरी बोलावं म्हणून मी मोडक्यातोडक्या बंगालीत ठाकूमाला सांगून टाकलं. तिने माझ्या गालाला हात लावला आणि कुणाला सांगणार नाही म्हणाली. तिने शब्द पाळला, म्हणजे तिला वाटलं की पाळला.

एका दुपारी वायव्येकडून आभाळ काळं व्हायला लागलं. कालवैशाखी. बंगालच्या या वादळाला दम धरायला वेळ नसतो. आधी पानही हलत नाही, मग एकदम सगळंच हलतं. आम्ही सगळे गच्चीवर धावलो. मी कपडे गोळा करत होते, अण्णा उडणारी चटई पायाने दाबून उभे होते, हे नुकतेच घरी आलेले, तेही मफलरसकट साटं उचलत होते. ठाकूमा यांच्याकडे बघून मायेने म्हणाली, "तुई जापान चोले गेले आमार आमशॉत्तो के तुलबे?" तू जपानला निघून गेल्यावर माझी साटं कोण उचलणार?

अण्णांना बंगाली येत नव्हतं. पण त्या वाक्यातला एक शब्द त्यांना चांगला येत होता आणि तो म्हणताना ती कुणाकडे बघत होती हेही दिसत होतं. त्यांचा पाय चटईवरून निघाला. चटई उडाली आणि शेजारच्या घराच्या नारळात जाऊन अडकली. मग पाऊस आला आणि कुणी काही बोलायच्या आत गच्चीवरचा सगळा पॅसिफिक लाल पाणी होऊन पन्हाळीतून वाहून गेला.

खाली आल्यावर यांनी सगळं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोट कुठून सुटते एवढंच विचारलं. खिदिरपूरहून, हे म्हणाले. त्यानंतर अण्णा बोलायचे थांबले. चहा हवा, पाणी हवं, एवढं मला सांगायचे. मुलाशी नाही. संध्याकाळचा पाठ बंद पडला. ते बागेत जाईनात, गच्चीवर जाऊन कोऱ्या जमिनीकडे बघत बसायचे. आमच्या दोन खोल्यांत एवढी शांतता मी तोवर ऐकली नव्हती. त्या मोठ्या महासागराच्या मधोमध म्हणे फारसं काही होत नाही, जे काय व्हायचं ते काठाला होतं. आमच्या घरात अण्णा मधोमध गप्प बसले होते आणि आम्ही दोघं काठाकाठाने पाय न वाजवता फिरत होतो.

असे काही दिवस गेल्यावर हे मला म्हणाले की उद्या ऑफिसात नाही म्हणून सांगतो. दुसरं कुणी जाईल. हे म्हणताना हे सुटाची घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

मी पन्ह्याचा पेला घेऊन गच्चीवर गेले. सासऱ्यांपुढे जाऊन आपणहून बोलायची ती माझी पहिलीच वेळ. पेला ठेवला आणि परत फिरले नाही, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"अण्णा, हे जपानला नाही म्हणणार आहेत."

"कुणी सांगितलं त्याला नाही म्हणायला?"

"तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. शहाण्या माणसाने तिथे पाऊल ठेवू नये म्हणून."

अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी बिनतिकिटाची सापडले आहे.

"ते मी पॅसेंजरांबद्दल म्हणत होतो," ते म्हणाले. "लाइनवर गडबड असली की पॅसेंजर थांबवतात आणि स्टाफला पाठवतात. हा पॅसेंजर आहे का? याची ड्यूटीच ती आहे. मला एवढं कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी पन्हं एका दमात प्यायलं आणि पेला कठड्यावर ठेवला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले की मुलाने लपवलं याचं वाईट वाटलं. "तळघर गार असतं म्हणाला आणि मी मफलर दिला. सगळी गल्ली हसली असेल." मी म्हटलं, गल्लीला वाटतंय यांना क्षयाची सुरुवात आहे, कुणी हसलं नाही. त्यावर ते स्वतःच हसले. बऱ्याच दिवसांनी.

"तू माहेरी जाशील," मग त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "मी मिरजेला भावाकडे जाईन."

तसंच व्हायचं असतं, हे मलाही ठाऊक होतं. नवरा परदेशी गेला की सून वाईला आणि सासरा मिरजेला. पण मला वाईला जायचं नव्हतं. मला सकाळी धुतलेले रस्ते हवे होते, ठाकूमा हवी होती, अर्धवट आलेली बंगाली पुरी करायची होती. हे सगळं सासऱ्यांना कसं सांगावं ते मला येईना. मी एवढंच म्हटलं, "मला इथेच राहायचंय."

अण्णांनी गच्चीभर नजर फिरवली.

"बरं," ते म्हणाले. "हे सगळं पुन्हा आखायचंही राहिलंच आहे." आणि खाली जाऊन त्यांनी मुलाला विचारलं की आज कुठे झाला. हे म्हणाले, टोंगा. अण्णांना टोंगा कुठे ते माहीत नव्हतं. नकाशा पुन्हा उघडला गेला.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर हे गेले, वर्षभर राहिले आणि धडधाकट परत आले. तिथे इतके धक्के बसायचे की जेवताना लोक फक्त चहाचा पेला हातात उचलून धरतात आणि हलायचं थांबलं की पुन्हा खाली ठेवतात, असं हे सांगायचे. आल्यावर हेही तसंच करायला लागले. ट्राम जवळून गेली तरी यांचा पेला वर. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं आमच्याजवळ होते. ते गेले तेही वैशाखातच, भरल्या घरात, आपल्या अंथरुणावर. त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी आमच्या गल्लीत बायकांनी रडून घेतलं आणि घोषालबाबूंनी, तोवर तेही म्हातारे झाले होते, भर दुपारी दाढी न करता स्मशानापर्यंत सोबत केली. आता घोषालांचं ते घर पाडून तिथे उंच इमारत झाली आहे. मी मागे एकदा जाऊन बघून आले. पण माझ्या मनात तो उन्हाळा आला की शेवटी येते ती बोट सुटल्याची संध्याकाळ.

ज्येष्ठ होता. खिदिरपूरच्या गोदीत मालाची बोट होती, थोडे प्रवासीही घेणारी. ट्रंक भरून गेल्यामुळे यांना लोकरी सूट अंगावर घालावा लागला होता आणि हे उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत होते. अण्णांनी बोटीची तपासणी सुरू केली. बोट कधी सुटणार हे त्यांनी भेटेल त्या गणवेशवाल्याला विचारलं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं. नदीला भरती आली की, असं अखेर एका खलाशाने सांगितलं तेव्हा त्यांना धक्काच बसला. चंद्राच्या मर्जीवर चालणारी वाहतूक त्यांनी कधी पाहिली नव्हती. यांनी वाकून नमस्कार केला. अण्णा म्हणाले, वेळेवर जेव. आणखी काही म्हणायचं असावं, पण मागून हमाल ओरडत आले आणि सगळ्यांना बाजूला व्हावं लागलं. मी पदराचं टोक दातात धरून उभी होते. बोट हलली ती कळलीच नाही; आपण उभे आहोत तो धक्काच मागे सरकतोय असं वाटलं.

परतताना आम्ही एस्प्लनेडला उतरलो, पुढची ट्राम धरायला. अण्णा ट्रामच्या थांब्यावर थांबले नाहीत. सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस, म्हणाले, आणि एका केबिनमध्ये शिरले. कलकत्त्यात अशा खाणावळी असत, पडदे लावलेले कप्पे, बायकांना बसता यावं म्हणून. सासऱ्यासमोर सून बसून खाते, ही गोष्ट आमच्याकडे कुणी ऐकलेली नव्हती. मी उभीच राहिले. त्यांनी समोरच्या बाकाकडे बोट केलं. वर्षभर एकमेकांना वाढत उभं राहिलो तर दोघंही उपाशी मरू, असं म्हणाले. मी बसले.

आत आलेल्या माणसाला त्यांनी सगळ्यात चांगलं काय आहे ते आण म्हणून सांगितलं. त्याने बशीत सोनेरी तळलेला एक मोठा तुकडा आणला, शेजारी मोहरीची पिवळी चटणी आणि कांद्याच्या चकत्या. अण्णांनी वास घेतला. छान होता.

"कशाचं आहे?"

"भेटकी," तो माणूस म्हणाला आणि पडदा ओढून गेला.

अण्णांनी तुकडा मोडला. वाफ आली. ही कुठली भाजी, त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक होतं, ठाकूमाकडे त्यावर रोज चर्चा चालायची.

"अण्णा, तो मासा आहे."

त्यांचा हात बशीवर थांबला. आमच्या घरात एकादशीला कांदा शिवत नसत. अण्णांनी आयुष्यभर स्टेशनवर चहासुद्धा घरच्या पेल्यातून घेतला होता. पडद्याबाहेर बश्या वाजत होत्या, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं.

"जपानात तो काय खाणार?" त्यांनी विचारलं.

"मासेच. दुसरं फारसं मिळत नाही म्हणे."

"त्याला जाईल?"

"सवय करावी लागेल."

अण्णांनी टोपी काढून बाकावर ठेवली. तुकड्याचे दोन भाग केले, एक स्वतःकडे ओढला आणि दुसरा, बशी फिरवून, माझ्यासमोर आणला.

"घे," ते म्हणाले. "एकट्याने बाटण्यात काही अर्थ नाही."